इन्सुलिनला घर लागतं

डॉक्टर कागदावर औषध लिहून देतात तेव्हा एक गोष्ट न लिहिताच धरून चालतात, की पेशंटला घर आहे. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा. रात्री दोन-अडीचला उठून शुगर बघा. जेवणाच्या वेळा सांभाळा. वापरलेल्या सुया जाड डब्यात टाका. उलट्या सुरू झाल्या तर किटोन तपासा. यातल्या प्रत्येक सूचनेला एक बंद होणारं दार लागतं, एक ओटा लागतो, आणि कुणालाही न विचारता रात्री दाबता येईल असं दिव्याचं बटण लागतं. आमचं चौघांचं कुटुंब वर्षभराहून जास्त काळ यातल्या कशाशिवायच राहिलं. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. बायको म्हणाली, आता लिहा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमच्या धाकटीला टाइप 1 डायबेटिस आहे. सात वर्षांची असताना निदान झालं. या आजारात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते आणि इन्सुलिन बनणं थांबतं. गोड खाल्ल्यामुळे हा आजार होत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण अजूनही लोक तिच्या तोंडावर विचारतात की लहानपणी चॉकलेटं फार खाल्लीस का, आणि ती बिचारी खाली मान घालते. बाहेरून इन्सुलिन मिळालं नाही तर थोड्याच काळात शरीरात किटोन नावाची आम्लं साठून रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं आणि मूल दगावू शकतं. शंभर वर्षांपूर्वीपर्यंत असंच होत होतं. टोरांटोमध्ये 1921 साली बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी इन्सुलिनवर काम सुरू केलं आणि 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या 14 वर्षांच्या मुलाला त्यांच्या अर्काचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याने म्हणावा तसा गुण आला नाही. मग त्यांचे सहकारी कॉलिप यांनी तो अर्क शुद्ध केला, 23 जानेवारीपासून पुन्हा इंजेक्शनं सुरू झाली, आणि मुलगा सावरला. मुलगी आयसीयूत असताना बाहेरच्या बाकावर बसून मी हे मोबाइलवर वाचलं होतं. तेव्हा वाटलं, आपण नशीबवान, औषध निघून शंभर वर्षं झाली आहेत. औषध असणं आणि ते ठेवायला जागा असणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे पुढे कळायचं होतं.

घर कसं गेलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवल काही नाही. मी मालवाहू गाडीवर ड्रायव्हर होतो. जितक्या दिवस गाडीवर, तितक्या दिवसांचे पैसे. मुलगी पहिल्यांदा अॅडमिट झाली तेव्हा साठवलेलं संपलं, दुसऱ्यांदा झाली तेव्हा उसनवारी झाली. गाडीच्या मालकाला रोज माणूस हवा होता, त्याने दुसरा ठेवला. बायको घरी शिवणकाम करायची. शुगर तपासायच्या स्ट्रिप्स आणि इन्सुलिनच्या खर्चात तिचं मशीन विकलं गेलं, आणि मशीन गेल्यावर तिची कमाईही गेली. भाडं थकत गेलं. घरमालक वाईट माणूस नव्हता. त्याने बराच धीर धरला, मग एका संध्याकाळी दारात उभं राहून, आमच्याकडे न बघता, खोली खाली करायला सांगितली.

आम्ही ताईकडे गेलो. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. तिच्या दोन खोल्यांत तिचं कुटुंब आधीच दाटीने राहत होतं, त्यात आम्ही चौघं. दाजींनी एका शब्दाने कधी दुखावलं नाही. पण दुसऱ्याच्या घरात आजारी मूल सांभाळताना आपण सतत दबून वागतो. रात्री दिवा लावला की सगळे जागे होतात. तपासणीसाठी पहाटे उठलो की दाजींची झोपमोड होते आणि त्यांना सकाळी कामावर जायचं असतं. मुलीला भूक लागण्याची वेळ आणि त्या घरातल्या जेवणाची वेळ जुळत नसते, आणि 'हिला आत्ताच वाढा' असं दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात रोज कसं म्हणायचं? ताई स्वतःच वाढायची. तरी बायको ओशाळायची.

तिथेच फ्रिजचा प्रकार घडला. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. आम्ही ते दरवाजाच्या कप्प्यात एका डब्यात ठेवलं होतं. भरलेल्या फ्रिजमध्ये कुणीतरी जागा करताना तो डबा मागे सरकवला, अगदी बर्फाच्या कप्प्याला टेकून. इन्सुलिन गोठलं. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक वाटू शकतं, पण त्याचा भरवसा धरता येत नाही, ते फेकूनच द्यावं लागतं. महिनाभराचा साठा होता. ताई रडली. मी तिला म्हणालो, यात कुणाचा दोष नाही, एवढ्या माणसांचा फ्रिज आहे. खरंच कुणाचा नव्हता. जागा कमी असली की वस्तू एकमेकींना ढकलतात, माणसंही.

मग ताईच्या घरमालकाने माणसं मोजली आणि तिलाच नोटीस द्यायची भाषा केली. तिचं घर आमच्यामुळे जाऊ नये म्हणून आम्ही निघालो.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. ताईकडे होतो तेव्हा आम्ही बेघर आहोत असं कुणीच म्हटलं नाही, आम्हीसुद्धा नाही. डोक्यावर छप्पर होतं ना. बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या युरोपातल्या संस्थांच्या महासंघाने, फिआन्त्साने, 2005 साली एक वर्गवारी मांडली. तिच्यात चार पायऱ्या आहेत: छप्परच नसलेले, छप्पर आहे पण घर नाही असे म्हणजे निवाऱ्यात राहणारे, ज्यांचं घर कधीही जाऊ शकतं असे, आणि राहण्यालायक नसलेल्या जागेत राहणारे. नाइलाजाने नातेवाइकांकडे राहणारी कुटुंबं तिसऱ्या पायरीवर येतात. आम्ही तिसरीवरून दुसरीवर आलो. ताईच्या घरी असतानाच कुणी आम्हाला या हिशेबात धरलं असतं, तर कदाचित पुढची पायरी आलीच नसती, असं मला अजूनही वाटतं. फुटपाथवर माणूस दिसतो. बहिणीच्या घरात कोपऱ्यात झोपलेलं कुटुंब कुणाला दिसत नाही.

रात्रीच्या निवाऱ्यात बायका-मुलींचा हॉल वेगळा आणि पुरुषांचा वेगळा. संध्याकाळी दार उघडायचं, सकाळी हॉल रिकामा करायचा. नियम सुरक्षिततेसाठी होता आणि बायकांच्या बाजूने विचार केला तर योग्यच होता. पण त्याचा अर्थ असा झाला की रात्रीची तपासणी, जी निदानापासून माझ्याकडे होती, ती आता बायकोवर पडली आणि मी अंगणापलीकडे, दुसऱ्या इमारतीत. मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा, तो माझ्याबरोबर. पहिल्या रात्री आम्हा दोघांच्याही डोळ्याला डोळा लागला नाही.

मग बायकोने मिस्ड कॉलची पद्धत ठरवली. बोलायला फोन करायचा नाही, कारण तिच्या हॉलमध्ये आजूबाजूच्या बायका झोपलेल्या. तपासणी झाली की एक मिस्ड कॉल, म्हणजे शुगर ठीक आहे, झोपा. दोन मिस्ड कॉल, म्हणजे कमी आहे, ग्लुकोज दिलंय, जागे राहा. तीन, म्हणजे दारापाशी या. मी फोन छातीवर ठेवून झोपायचो, आवाज बंद, फक्त थरथर. एक थरथर झाली की मुलगा अंधारातच विचारायचा, "एकच ना?" मी म्हणायचो, "एकच." मग तो कूस बदलून झोपायचा. तो झोपेतून जागा व्हायचा की जागाच असायचा, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

बायको तपासणी पांघरुणाच्या आत करायची. मोबाइलची बॅटरी लावून, वर चादर ओढून, मुलीचा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन. बोटाच्या टोकावर मध्ये टोचायचं नाही, कडेला टोचायचं, तिथे दुखतं कमी. प्रत्येक वेळी बोट बदलायचं. थेंब स्ट्रिपच्या टोकाला लावला की काही सेकंदांत आकडा येतो. तो वहीत लिहायचा. ती वही अजून आमच्याकडे आहे. घरातली पानं माझ्या अक्षरातली, रेघा आखून, तारीख, वेळ, आकडा, युनिट असे रकाने केलेली. निवाऱ्यातली पानं बायकोच्या अक्षरातली, आडवीतिडवी, कारण ती चादरीखाली एका हाताने लिहायची. काही ठिकाणी आकड्यावर आकडा गेलाय. एका पानावर तिने समासात लिहिलंय, 'शेजारच्या आजींनी चादर धरली.' शेजारच्या खाटेवर एक म्हातारी बाई होत्या. सुरुवातीला त्या उजेडाने वैतागायच्या. हे काय चाललंय ते कळल्यावर त्या स्वतःच वेळेला उठायला लागल्या. बायकोला डुलकी लागली तर हात लावून जागं करायच्या. त्यांचं स्वतःचं कुणी तिथे नव्हतं.

तीन मिस्ड कॉल एकदाच आले. मी आणि मुलगा अनवाणी धावलो. वॉचमनने काही न विचारता फाटक उघडलं आणि मला व्हरांड्यापर्यंत सोडलं. मुलीची शुगर 48 होती. 70 च्या खाली गेली की कमी समजायची, 54 च्या खाली म्हणजे धोक्याची. ती घामाने भिजली होती, बोलणं अडखळत होतं, पण गिळता येत होतं. हे महत्त्वाचं आहे म्हणून लिहितो: मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तेव्हा ग्लुकॅगॉन, म्हणजे शुगर वाढवणारं इंजेक्शन, किंवा थेट हॉस्पिटल. गिळता येत असेल तर साधारण 15 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटं थांबायचं, परत तपासायचं. ही पंधरा मिनिटं फार लांब असतात. आजी टॉर्च धरून बसल्या होत्या, बायको मुलीचा हात चोळत होती, मी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभा होतो आणि मुलगा घड्याळ बघून मोठ्याने मिनिटं सांगत होता. 63. परत ग्लुकोज, परत पंधरा मिनिटं. 92. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. मग तिला थोडं खायला दिलं, कारण नुसतं ग्लुकोज टिकत नाही. सकाळी हॉल नेहमीच्या वेळेला रिकामा करायचा होता, तो केला.

निवाऱ्यात आम्हाला फ्रिज नव्हता. दिवसा तर आम्ही बाहेरच असायचो. वापरात असलेलं इन्सुलिन फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालतं, पण कंपन्यांच्या माहितीपत्रकात 25 किंवा 30 अंशांची मर्यादा दिलेली असते, आणि पाठीवरच्या बॅगेत त्यापेक्षा जास्त उकडतं. डायबेटिस क्लिनिकमधल्या नर्सबाईंनी आम्हाला मडक्याची युक्ती शिकवली. एक मोठं मातीचं भांडं, त्यात एक छोटं, मधल्या फटीत वाळू, वाळूवर पाणी. बाष्पीभवन होतं तसं आतलं भांडं थंड राहतं. इन्सुलिन कोरड्या बंद डब्यात घालून आत ठेवायचं. निवाऱ्याच्या ऑफिसातल्या बाईंनी ते मडकं त्यांच्या टेबलाखाली ठेवू दिलं. त्याच नर्सबाईंनी सांगितलं की डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही वैद्यकीय मदत संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतलं तापमान मोजून, तसेच चढउतार प्रयोगशाळेत तयार करून इन्सुलिन तपासलं होतं. ते निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. 25 ते 37 अंशांमध्ये खालीवर होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद थंड ठेवलेल्याच्या जवळपास तेवढीच राहिली. हे ऐकून बायकोला किती हलकं वाटलं ते मी पाहिलं आहे. प्रत्येक डोस देताना तिच्या मनात असायचं की यात दम उरलाय की नाही. याचा अर्थ इन्सुलिन उन्हात ठेवलं तरी चालतं असा मुळीच नाही. पण ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी भीतीने इन्सुलिन सोडून देऊ नये, एवढं मात्र त्यातून नक्की निघतं.

दिवस कसे काढायचे हा वेगळाच प्रश्न. मुलं शाळेत असायची तेवढा वेळ बरा. मुलीच्या बाईंनी इन्सुलिनचं एक पेन आणि ग्लुकोजची पुडी त्यांच्या कपाटात ठेवली होती. मी मिळेल ते काम करायचो, माल उतरवणं, कुणाच्या गाडीवर एखादा दिवस. बायको मुलांना सोडून सार्वजनिक वाचनालयात बसायची. तिथे पंखा होता, पाणी होतं, स्वच्छ संडास होता आणि कुणी हाकलत नव्हतं. मुलगा शाळेतून आला की तिथेच अभ्यास करायचा. कुठल्या जेवणात कर्बोदकं किती आणि त्याला इन्सुलिन किती, हा हिशेब तो आमच्यापेक्षा भराभर करायला लागला. त्याच्या वयाची मुलं मैदानात असतात. त्याने कधी तक्रार केली नाही आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

एवढं करूनही एचबीए1सी चढत गेला. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. घर असताना 7.4 होता, निवाऱ्यात असताना 11.2 झाला. कारण उघड होतं. रात्री शुगर कमी होईल या भीतीने बायको झोपताना डोस थोडा हात राखून द्यायची, जेवण मिळेल त्या वेळी मिळायचं, झोप नीट नव्हती, आणि ताणानेही शुगर वाढते. एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरांनी तो रिपोर्ट बघून आम्हाला बरंच सुनावलं. पालकांना मुलीची पर्वा नाही असं त्यांच्या बोलण्याचं सार होतं. बायकोने वही काढून पुढे ठेवली. त्यांनी ती उघडली नाही.

वही उघडली ती सोशल वर्कर मॅडमनी. डॉक्टरांनीच आम्हाला 'समुपदेशनासाठी' त्यांच्याकडे पाठवलं होतं. मॅडम पानं उलटत गेल्या आणि एका जागी थांबल्या, जिथे अक्षर बदललं होतं. त्यांनी विचारलं, "इथून पुढे तुम्ही रात्री कुठे झोपता?"

इतक्या फेऱ्यांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता, कारण फॉर्मवर तो नव्हता. पत्त्याच्या रकान्यात आम्ही ताईचा पत्ता लिहीत होतो. निवाऱ्याचा पत्ता लिहिला तर मुलगी आपल्यापासून काढून घेतील अशी भीती होती. ही भीती निवाऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक आईला असते. बायको थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग तिने सगळं सांगितलं, मिस्ड कॉलसकट.

मॅडमनी मुलीच्या डॉक्टरांकडून पत्र लिहून घेतलं की या मुलीच्या उपचारासाठी स्थिर घर आवश्यक आहे. ते पत्र घेऊन आम्ही एका ट्रस्टकडे गेलो. तिथलं उत्तर आम्हाला पाठ होतं, आधी नोकरी पक्की करा, मग घराचं बघू. पण नोकरी पक्की करायला रोज वेळेवर पोचावं लागतं, आंघोळ करून, झोप झालेली असून. मुलगी महिन्यातून एकदा हॉस्पिटलात जाणार नाही याची थोडी तरी खात्री लागते. आणि या सगळ्याला घर लागतं. मॅडम आमच्या बाजूने भांडल्या. त्यांनी जे मांडलं ते मला नंतर समजावून सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम सेम्बेरिस यांनी ही रीत उलटी केली होती. आधी घर, कुठलीही अट न घालता, आणि मग उपचार, काम वगैरे. फिनलंडने 2008 पासून तेच राष्ट्रीय धोरण केलं आणि जुने निवारे हळूहळू भाड्याच्या घरांत बदलले. मात्र सुरुवातीचं काम मुख्यतः एकट्या राहणाऱ्या, मानसिक आजार असलेल्या माणसांसाठी होतं. म्हणून मॅडमनी कुटुंबांवरचा अभ्यासही दाखवला. अमेरिकेत सरकारने निवाऱ्यांत आलेल्या 2,282 कुटुंबांना चिठ्ठी टाकावी तसं वेगवेगळ्या मदतीत विभागलं आणि तीन वर्षं पाठपुरावा केला. ज्यांना दीर्घकाळ चालणारं भाड्याचं साहाय्य मिळालं, त्यांच्यात पुन्हा बेघर होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी राहिलं, मुलांच्या शाळा कमी वेळा बदलल्या आणि मोठ्यांचा मानसिक ताणही कमी झाला.

ट्रस्टच्या लोकांनी ऐकून घेतलं. त्यांनी डिपॉझिट दिलं आणि पुढचे काही महिने भाड्याचा मोठा वाटा उचलायचं कबूल केलं, दर महिन्याला तो थोडा कमी होत जाईल या बोलीवर. माझ्या मते हीच बोली आमच्या कामी आली. एकदम रक्कम हातात ठेवून निघून गेले असते तर पहिल्याच आजारपणात पुन्हा घसरलो असतो.

घर मिळालं ते एका खोलीचं. फ्रिज जुना, कुणीतरी दिलेला, त्यात आम्ही एक छोटं थर्मामीटर ठेवलं. बायकोने इन्सुलिनचा डबा मधल्या फळीवर पुढच्या बाजूला ठेवला, बर्फापासून लांब, आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, हलवू नये. मला शाळेच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी मिळाली. वेळ ठरलेली, पगार ठरलेला, आणि दुपारी मी घरी. बायकोने आधी दुसऱ्यांच्या मशीनवर शिवणकाम केलं, मग हप्त्यावर स्वतःचं मशीन घेतलं. रात्रीची तपासणी परत माझ्याकडे आली.

सगळं लगेच नीट झालं असं नाही. मुलगी कित्येक आठवडे झोपताना चप्पल उशाशी ठेवायची. सकाळी उठून जावं लागेल म्हणून. मुलगा अभ्यासात मागे पडला होता. आणि मला रात्री फोन छातीवर ठेवल्याशिवाय झोप येत नव्हती, मुलगी हाताच्या अंतरावर झोपलेली असूनही. एचबीए1सी पुढच्या तपासणीत 9.1 आला, त्यापुढच्या तपासणीत 7.9. इन्सुलिन तेच, आईबाप तेच. हा रिपोर्ट मी त्या तरुण डॉक्टरांना नेऊन दाखवला. त्यांनी या वेळी वही मागितली, शेवटपर्यंत बघितली आणि बायकोची माफी मागितली. ते मनापासून बोलले, आणि आम्हाला त्याने बरं वाटलं.

संयुक्त राष्ट्रांच्या 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पंचविसावं कलम आहे. त्यात आरोग्याला पुरेसं जीवनमान म्हणून अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय सेवा एकाच वाक्यात आहेत, आणि आजारपणातल्या सुरक्षिततेचा हक्कही त्याच वाक्यात. पंच्याहत्तरहून जास्त वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यांना जे एकत्र दिसलं, ते आज दोन वेगळ्या खात्यांत, दोन वेगळ्या खिडक्यांवर, दोन वेगळे फॉर्म भरून मागावं लागतं. आजाराच्या खिडकीवर घराचं विचारत नाहीत आणि घराच्या खिडकीवर आजाराचं. आमच्यासाठी या दोन खिडक्यांमधलं अंतर एका बाईने चालून पार केलं. प्रत्येक हॉस्पिटलात अशा मॅडम नसतात, आणि जिथे असतात तिथे त्यांच्या टेबलावर इतक्या फायली असतात की त्यांना प्रत्येकाची वही उघडायला वेळ मिळणं अवघड.

धाकटी आता अकरा वर्षांची आहे. पोटावर आणि मांडीवर जागा बदलत स्वतःचं इंजेक्शन स्वतः घेते. कुणी चॉकलेटचं विचारलं तर मान वर करून बीटा पेशींबद्दल सांगते. मुलगा आयटीआयला जायचं म्हणतोय. शेजारच्या खाटेवरच्या आजींना आम्ही सणासुदीला नाही, रविवारी भेटतो. त्यांना आता वृद्धाश्रमात जागा मिळाली आहे. भाड्यातला ट्रस्टचा वाटा संपला. आता पूर्ण भाडं आमचं आम्ही भरतो. करार पुढच्या वर्षी नवा करायचा आहे, त्याची धाकधूक आहे, पण घरमालकीणबाईंशी बोलणं झालंय.

मॅडमनी मधे डायबेटिस क्लिनिकच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर तीन प्रश्न वाढवून घेतले. राहता कुठे: स्वतःचं, भाड्याचं, नातेवाइकांकडे, निवाऱ्यात की आणखी कुठे. फ्रिज आहे का, आणि तो फक्त तुमचाच आहे का. रात्री मुलाजवळ कोण झोपतं. तिसरा प्रश्न बायकोने सुचवला. नवीन निदान झालेल्या कुटुंबांशी बोलायला मॅडम आता आम्हा दोघांना बोलावतात. शाळेच्या बसला सुट्टी असते त्या दिवशी आम्ही जातो. मागच्या वेळी एक आई भेटली. मुलगा पाच वर्षांचा, राहणं दिराकडे, नवरा परगावी कामावर. तिने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लिहिली होती आणि तिसरा रकाना तसाच ठेवला होता. बायको तिच्याशी बराच वेळ बोलत बसली. येत्या शनिवारी आम्ही तिच्याकडे मडकं घेऊन जाणार आहोत, आणि दिराच्या बायकोलाही शुगर तपासायला शिकवणार आहोत, म्हणजे रात्री उठायला निदान दोघी होतील.